घड्याळ लंडनचे, झोप गिरगावची!

वाद्यवृंदातला वादक परदेश दौऱ्यावर निघाला, की शेजारीपाजारी म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची!" मजा असते, नाही असे नाही. पण रात्री अडीच वाजता कोणी तुम्हांला काळा कोट चढवून हजारभर श्रोत्यांपुढे बसवले, तर जी मजा येईल, तीच ही मजा!

हिवाळ्यात लंडन मुंबईच्या साडेपाच तास मागे असते. तिथे संध्याकाळी साडेसातला कार्यक्रम सुरू होतो, तेव्हा गिरगावात रात्रीचा एक वाजलेला असतो. मनगटावरचे घड्याळ विमानातच मागे करता येते. शरीरातले मात्र गिरगावचीच वेळ दाखवीत राहते. पहाटे तीनला टक्क जाग येते आणि पोट विचारते, "पोहे कुठे आहेत?" त्याचे तरी काय चुकले? घरी तेव्हा साडेआठ झालेले असतात. यालाच जेट लॅग म्हणतात.

मी झांजा वाजवतो. आमच्या लंडनच्या दौऱ्यात द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी होती. चाळीसेक मिनिटांच्या या रचनेत झांजेला काम किती? एक ठोका! तोही चौथ्या भागात, आणि तोही हलक्या हाताने. तोवर अर्धा तास नुसते बसायचे. दुसरा भाग तर असा संथ, की ताजातवाना माणूसही पेंगावा. माझा ठोका यायचा सव्वानऊच्या सुमारास, म्हणजे मुंबईच्या पावणेतीनला. व्हायोलिनवाल्यांत एखाद्याची डुलकी खपून जाते. माझी कशी खपणार? गेलेला ठोका पुन्हा मारता येत नाही.

हा निव्वळ आळस नव्हे, बरे का! मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू एकमेकांना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे २० हजार पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. असले घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, हे फळांवरच्या चिलटांत शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकते. म्हणजे साडेपाच तास भरून काढायला पाच-सहा दिवस हवेत. आमचा कार्यक्रम असतो दुसऱ्याच दिवशी!

पूर्वीच्या माणसांना हा त्रास नव्हता. बॅलर्ड पिअरहून निघालेले जहाज पंधरा-वीस दिवसांनी विलायतेला पोहोचे. दिवसाला वीसेक मिनिटांचा फरक. शरीराला पत्ताही लागत नसे. द्वोर्झाकदेखील १८९२ साली अमेरिकेला गेला तो जहाजानेच, आणि पुढच्या वर्षी तिथेच ही सिंफनी लिहिली. आपण विमानात बसू लागलो, पण आपले शरीर अजून जहाजातूनच प्रवास करते आहे!

मग करायचे काय? या घड्याळाची किल्ली उजेडात आहे. पश्चिमेला गेल्यावर संध्याकाळचा उजेड ते मागे सरकवतो. म्हणून मी दुपारनंतर खोलीत बसत नाही, रस्त्यावर भटकतो. दुपारी वीस मिनिटांची डुलकी घेतो, गजर लावून. जेवण तिथल्या वेळेला, आणि कार्यक्रमापूर्वी हलके. कॉफी एकच कप, तोही लवकर. कारण तिचा अर्धा अंमल पाच तासांनीही उरतो आणि मग रात्रीची झोपही जाते. पहाटे तीनला जाग आली, तर दिवा लावायचा नाही, मोबाईल उघडायचा नाही. अंधारात पडून राहायचे.

इतके करूनही त्या रात्री डोळे जड झालेच. तेव्हा मी मात्रा मोजणे सोडले. पेंगुळलेला माणूस आकडा हमखास विसरतो. सूर मात्र त्याला हलवून जागा करतो. शेजारचा ट्रँगलवाला तिसऱ्या भागात आपले काम उरकून मोकळा झाला होता. चौथा भाग सुरू झाला, तसे त्याने पायाने माझ्या बुटाला हलकेच स्पर्श केला. पितळी वाद्ये गरजली. मी उठलो, झांजा हातात घेतल्या. सगळ्या वाद्यवृंदाची घड्याळे बिघडलेली होती, पण ताल एकच होता. त्या तालाने मला नेमक्या जागी आणून सोडले, आणि ठोका पडला. श्रोत्यांपैकी किती जणांना तो ऐकू आला, देव जाणे!

मुलाबाळांकडे विलायतेला जाणाऱ्या आई-वडिलांना एक सांगून ठेवतो. परतीचा प्रवास अधिक जड जातो. शरीराचा स्वाभाविक दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे त्याला उशिरा झोपणे जमते, लवकर झोपणे जमत नाही. मुंबईत परतल्यावर पहिले दोन दिवस पहाटेचा फेरफटका नको. लंडनला रुळलेल्या शरीराची तेव्हा मध्यरात्र असते, आणि त्या वेळचा उजेड घड्याळ उलटेच फिरवतो. दहानंतरचे ऊन अंगावर घ्या. आणि घरात कोणी भलत्या वेळी पेंगत असेल, तर रागावू नका. माणूस घरी आलेला आहे. त्याचे जहाज अजून वाटेत आहे, इतकेच.