आर्या, हबेस आणि थांब

क्रेनखाली उभा असलेला खलाशी तळहात जमिनीकडे करून हळूहळू हलवतो आणि ओरडतो, "आर्या, आर्या!" केबिनमधला ऑपरेटर हूक खाली सोडू लागतो. माल वर घ्यायचा असेल तर आरोळी असते, "हबेस!" गलबतांवरच्या खलाशांच्या लास्करी बोलीतले हे शब्द. त्यातला आर्या मूळचा पोर्तुगीज, शीड किंवा दोर खाली सोडण्याचा हुकूम. जहाजावरून ते गोदीत आले आणि खलाशांच्या तोंडून समुद्रापासून शेकडो कोस दूर कारखान्यांत, पुलांवर, वीज केंद्रांत पोहोचले. लोखंड उचलण्याची विद्या आपल्याकडे अशीच पसरली. कुणी वर्गात शिकवली नाही. जुन्याच्या हाताखाली नव्याने उभं राहायचं, त्याचे हात बघायचे.

या विद्येत खूप शहाणपण होतं. भाराच्या खाली जायचं नाही, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, हे जुने खलाशी शिवी देऊन शिकवत आणि ते जन्मभर लक्षात राही. पण पूर्वी तो माणूस पाच टनांचा गठ्ठा उचलत होता. आज त्याच माणसाच्या नातवासमोर शेकडो टनांचा पुलाचा गाळा असतो. लिफ्टिंग यंत्रांच्या तपासणीत आणि नंतर ते काम शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. प्रशिक्षणाबद्दल आज आपण पुष्कळ बोलतो, पण आपल्या डोळ्यांसमोर असतो तो फक्त सीटवर बसलेला माणूस, अशी माझी खात्री होत गेली आहे.

न्यूयॉर्कचं २००८ साल घ्या. १५ मार्चला मॅनहॅटनच्या ५१व्या रस्त्यावर टॉवर क्रेनची उंची वाढवण्याचं काम चालू होतं. क्रेनला इमारतीशी बांधणारी काही टनांची पोलादी कॉलर ज्या पॉलिएस्टर बेल्टांवर टांगली होती ते तुटले, कॉलर खालच्या टेक्यावर आदळली आणि अख्खी क्रेन कोसळली. सात माणसं गेली. पुढे अडीच महिन्यांनी, ३० मे रोजी, त्याच शहरातल्या ९१व्या रस्त्यावर दुसऱ्या क्रेनचा फिरता भाग वेल्डिंग केलेल्या जागी तुटला. केबिनमधला ऑपरेटर आणि खालचा एक कामगार मेले. पहिल्या अपघातात प्रश्न होता भार बांधणाऱ्याचा, दुसऱ्यात दुरुस्ती आणि तपासणीचा. दोन्ही वेळा कंट्रोल हातात धरणाऱ्याचं कौशल्य गैरलागू होतं. अमेरिकेत २०१० साली बांधकामावरच्या क्रेनसाठी नवे नियम आले. त्यांत ऑपरेटरबरोबर सिग्नल देणाऱ्याची आणि भार बांधणाऱ्याची पात्रताही आली, जमिनीची जबाबदारी कुणाची हेही लिहिलं गेलं.

आपल्याकडची एक तारीख मला विसरता येत नाही. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनी क्रेनची भारचाचणी चालू असताना ती कोसळली आणि ११ जण मेले. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळला आणि २० कामगार गेले, त्यातले बरेच परप्रांतातून पोटासाठी आलेले. एक यंत्र अजून रोजच्या कामाला लागलंही नव्हतं. दुसऱ्याला साइटवर कुणी क्रेन म्हणतच नाही, लाँचर म्हणतात. नेहमीच्या क्रेन ऑपरेटर अभ्यासक्रमात यंत्राची जोडणी, चाचणी, उंची वाढवणं आणि उतरवणं यांना अर्धा दिवस मिळाला तरी खूप. आणि मोठे अपघात पाहिले तर ते फार वेळा नेमके याच टप्प्यांवर झालेले दिसतात.

नेहमीच्या कामाबाहेरचा धोका दिल्लीतही २००९ च्या जुलैमध्ये दिसला. १२ तारखेला जमरुदपूरला मेट्रोचा पूल पडला. दुसऱ्या दिवशी ढिगारा उपसायला आणलेल्या क्रेनच उलटल्या, तेही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. ढिगाऱ्यातल्या तुकड्याचं वजन किती, तो कुठे अडकला आहे, कोणत्या क्षणी सुटेल, हे कोण सांगणार? मक्केत ११ सप्टेंबर २०१५ ला जी प्रचंड क्रेन वाऱ्याने पडली आणि शंभराहून अधिक यात्रेकरू मेले, ती तर तेव्हा काही उचलतही नव्हती. काम नसताना बूम खाली आणून ठेवायला हवी होती, असं चौकशीत निघालं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. क्रेन उभी करून घरी जाणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं.

आता रोजच्या कामाकडे येऊ. चाकण, तळोजा, बुटीबोरी, कुठेही जा, रस्त्यावर पिवळी हायड्रा क्रेन दिसणारच. पुढे बूम, बूमला साखळीने लटकलेली मोटर किंवा पाइप, आणि गाडी चालू. समोरचं अर्ध्याहून अधिक दृश्य त्या भाराने झाकलेलं असतं. भार झुलू नये म्हणून एक खलाशी त्याला हात लावून चाकाशेजारून चालत असतो. त्याचा पाय घसरला तर ऑपरेटरला ते दिसत नाही. पाच मीटरची दोरी भाराला बांधली तर तो माणूस दूर राहून झोका आवरू शकतो. ही दोरी शंभर रुपयांची असते आणि बहुतेक वेळा नसते. शिवाय ही गाडी कमरेत वाकून वळते आणि वळताना तिची उचलण्याची ताकद कमी होते. आरटीओच्या लायसन्सवर यातलं काही तपासलं जात नाही. गाडी रस्त्यावर चालवता येते एवढंच ते सांगतं.

क्रेनवर ५० टन लिहिलेलं असतं. ते बूम पूर्ण आत असताना, साधारण तीन मीटर त्रिज्येवर. भार जसजसा दूर जाईल तसतशी ही क्षमता झपाट्याने घसरत जाते. किती घसरते हे केबिनमधल्या तक्त्यावर असतं आणि तो तक्ता इंग्रजीत असतो. माझ्या वर्गात मी सगळ्यात आधी हा तक्ता काढतो. दहा-पंधरा वर्षं क्रेन चालवलेले लोक मान खाली घालतात. हुशारीत ते कुठेही कमी नाहीत. जमिनीचा आवाज ऐकून आउटरिगरचा पाय खचतोय हे सांगणारी माणसं आहेत ती. त्यांच्या भाषेत तो तक्ता कुणी कधी समजावून दिलेला नसतो एवढंच.

स्लिंगच्या कोनाचंही तसंच. दहा टनांचा भार दोन सरळ उभ्या दोरांवर उचलला तर प्रत्येकावर पाच टन येतात. दोर फाकवून जमिनीशी साठ अंशांवर आणले की प्रत्येकावर पावणेसहा, पंचेचाळीसवर सात, आणि तीस अंशांवर पूर्ण दहा टन. भार तोच, दोर तेच. हे गणित फळ्यावर मांडून उपयोग होत नाही. दोन मुलांच्या हातात पाण्याने भरलेली बादली दोरीने द्यावी आणि त्यांना एकमेकांपासून लांब जायला सांगावं. दंड भरून आले की कोन कळतो. बेल्टांचे रंगही असेच पाठ होतात: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच.

आणि आम्ही तपासणारे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ ने क्रेन, साखळ्या, दोर यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी सांगितली आणि सुरक्षित भार यंत्रावर ठळक लिहायला लावला. गोदी आणि बांधकामाच्या नियमांत चाचणीचा भारही ठरलेला: वीस टनांपर्यंत सव्वापट, पन्नासपर्यंत पाच टन जास्त, त्यापुढे दहा टक्के जास्त. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत हे जुने कायदे सामावले गेले. कायदा अपुरा नाही, अपुरा पडतो तो तपासणीला दिलेला वेळ. एका कारखान्यात मी पोहोचलो तेव्हा चाळीस यंत्रांचे दाखले टाइप होऊन टेबलावर तयार होते. सहीची जागा तेवढी मोकळी. चहा आला. "साहेब, वर कशाला चढता, गेल्या वर्षी बघितलंय ना." मी चढलो. एका क्रेनची लिमिट स्विच बारीक तारेने बांधून ठेवली होती. दुसरीच्या इक्वलायझर पुलीवर दोर सरकवून पाहिला तर पुलीला टेकलेल्या बाजूच्या तारा तुटलेल्या. ही पुली फारशी फिरत नाही, म्हणून तिथे कुणी बघत नाही, ग्रीसही लावत नाही. त्या दिवशी चाळीसपैकी नऊ यंत्रं झाली. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही.

नव्या तपासनिसाला दोर शिकवताना मी हातमोजा आणि सुती चिंधी देतो. चिंधी दोरावरून फिरवायची, तुटलेली तार ती पकडते. मग व्हर्नियर, व्यास शिरेवरून शिरेवर मोजायचा, खाचेतून नाही. हुकाचं तोंड किती उघडलं ते नवीन असतानाच्या मापाशी ताडून पाहायचं. ही कामं मोबाइलवर फोटो मागवून होत नाहीत.

शिकवायच्या जागा नाहीत असं नाही. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. ४ मार्च १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे. लार्सन अँड टुब्रोची पनवेलला बांधकाम कौशल्यांची शाळा आहे. मोठ्या बंदरांत सिम्युलेटरवर हात बसवून घेतात, आणि ते फार चांगलं आहे, कारण वाऱ्यात झुलणारा कंटेनर स्थिर करण्याची पहिली चूक पडद्यावर झालेली बरी. पण या वर्गांत येतो तो ऑपरेटर किंवा सेफ्टी ऑफिसर. खलाशी येत नाही. तो ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस, आज इथे, उद्या ओडिशात. त्याचा एक दिवसाचा रोज कोण भरणार, या प्रश्नाशी गाडी अडते.

हाच रत्नागिरीचा किंवा सिवानचा मुलगा सौदीला जातो तेव्हा चित्र बदलतं. तिथल्या आरामको या तेल कंपनीच्या कामावर भार बांधणाऱ्याला परीक्षा देऊन श्रेणी मिळवावी लागते. खिशात कार्ड नसेल तर त्याला हुकाला हात लावू देत नाहीत. तिथून परतलेला एक खलाशी माझ्या वर्गात आला होता. त्याने ते जुनं, मुदत संपलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. इथे परतल्यावर त्याला कुणी ते विचारलं नव्हतं. पगार हेल्परचा.

माझ्या वर्गात शेवटच्या दिवशी मी प्रत्येकाला एकेकदा क्रेनसमोर उभं करतो आणि एकच इशारा द्यायला लावतो, थांब. हा इशारा कुणीही दिला तरी ऑपरेटरने मानायचा असतो, सिग्नलमन असो की झाडूवाला. पहिल्यांदा बहुतेकांचा हात अर्धवट वर येतो. साहेब बाजूला उभे असतात, काँक्रीटची गाडी खोळंबलेली असते, इतक्या वर्षांत ओरडा खाल्लेला असतो. मी पुन्हा करायला लावतो. सौदीहून आलेल्या त्या खलाशाने पहिल्याच खेपेला दोन्ही हात ताठ आडवे पसरले आणि ऑपरेटरने हूक जागच्या जागी रोखला. मग तो टांगलेल्या बेल्टाजवळ गेला, शिवण बोटाने उलटी करून सगळ्यांना दाखवली. दोरे सुटलेले होते. मी तो बेल्ट सकाळी मुद्दाम लावला होता. दिवसभरात चौदा जण त्याच्याखाली काम करून गेले होते. त्याने खिशातून कटर काढला आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून बेल्ट मधोमध कापून दोन तुकडे माझ्या हातात दिले.