खरा फंडा गळाचा!

शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी जळगावहून थेट तापीकाठ गाठतो. पाण्यावर तरंगतं आमिष ओढायचं, आणि खालून मरळ फाडकन झडप घालते. बॉसची सगळी मेल्स विसरायला होतात!

पण खरा फंडा आमिषात नाही, गळात आहे. गळ जड झाला की आमिषाचं शेपूट बुडतं, चाल बिघडते. फार बारीक तारेचा घेतला तर मोठी मरळ तो सरळ करून जाते. नंबरही उलटे: ६ हा ४ पेक्षा लहान, पण २/० हा १/० पेक्षा मोठा. पाणवेलीत रबरी बेडूकच घ्या. त्याचे दोन काटे अंगाला चिकटलेले असतात, अडकत नाहीत.

आधी मी तीन काट्यांचेच गळ लावायचो. एका पावसाळ्यात एक काटा मरळीच्या जबड्यात, दुसरा माझ्या अंगठ्यात! आणि बाजूलाच तांबूस पिल्लांचा घोळका. मरळ आपली पिल्लं राखते, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता एकच काटा, उलटा दात पक्कडीनं दाबलेला. काही मासे निसटतात. निसटू देत. आणि पिल्लं दिसली, तर गळ टाकायचाच नाही.