नळ बदलायचा की नुसता स्पिंडल?

स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला की बहुतेक घरांत दोनच उपाय होतात. आधी तो जोर लावून आवळला जातो, आणि तेवढ्यानं भागेनासं झालं की नवा आणला जातो. या दोहोंच्या मध्ये एक स्वस्त आणि पुष्कळदा पुरेसा उपाय असतो: नळ जागेवर ठेवून त्याचा आतला भाग बदलणं. पाणी अडवायचं काम चकचकीत पितळ करत नाही, आतला बोटभर लांबीचा सुटा भाग करतो. तो बाजारात मिळाला तर नळ वाचतो. आणि मिळेल की नाही, हे नळ विकत घेतला त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

फिरवत फिरवत बंद करायच्या नळाचं पेटंट 1845 सालचं, इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या ‘गेस्ट अँड क्राइम्स’ या पितळी ओतकामाच्या कारखान्याचं. दांडा खाली उतरतो, टोकाचा वायसर पितळी बैठकीवर दाबला जातो, पाणी थांबतं. वायसर झिजला तरी आवळल्यावर रबर आणखी दबतं आणि थेंब थांबतात. आवळायची सवय त्यातून लागली. पण त्यानं रबर चिरत जातं, फटीतून झिरपणारं पाणी हळूहळू बैठकीलाच चर पाडतं, आणि मग नवा वायसरही टिकत नाही. हल्लीच्या पाव फेऱ्याच्या नळात तर आवळण्याला अर्थच नाही. त्यात गुळगुळीत घासलेल्या दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात; भोकं समोरासमोर आली की पाणी वाहतं, हलली की थांबतं. मूठ शेवटाला टेकल्यावर लावलेला जोर फक्त दांडा खिळखिळा करतो. या चकत्या सहजासहजी झिजत नाहीत. त्यांच्यात वाळूचा कण शिरून ओरखडा पडतो, बोअरच्या पाण्याचे क्षार साचतात, किंवा खालची रबरी कडी कडक होऊन चपटी होते. या सगळ्या जुळणीला दुकानात स्पिंडल म्हणतात, आणि तो अख्खा बदलता येतो.

अर्थात पाणी कुठून येतंय ते आधी पाहायला हवं. तोंडातून थेंब पडत असतील तर दोष वायसरचा किंवा स्पिंडलचा. (लांब मानेच्या नळातलं उरलेलं पाणी बंद केल्यावरही थोडा वेळ ठिबकतं, त्यासाठी पाना शोधू नये.) फिरत्या मानेच्या बुडाशी पाणी दिसलं तर तिथली ओ-रिंग गेलेली असते. भिंतीलगत ओल असेल तर आट्यांवरची टेफ्लॉन टेप नव्यानं गुंडाळायला नळ काढावाच लागतो. एरवी मात्र तो काढण्यात धोका आहे, आणि ‘नवाच बसवा’ म्हणणारे नेमकं हेच विसरतात. मुख्य कॉक बंद करून, नळ एका पान्यानं धरून दुसऱ्यानं स्पिंडल सोडवला, तर भिंतीतल्या जोडाला धक्का लागत नाही. अख्खा नळ पिळून काढताना, जुन्या इमारतीत टाइलमागचा गंजलेला जीआय पाइप त्याच्याबरोबर कधी तुटेल याचा नेम नसतो. मग टाइल फोडणं आलं, गवंडी आला, आणि त्या रंगाची टाइल आता मिळत नाही हे कळणंही आलं.

प्लंबरचा आक्षेप व्यवहारी आहे. मजुरी दोन्ही कामांना जवळपास सारखीच, मग नवा नळ लावून काम पक्कं का करू नये? बैठकीला चर पडला असेल, आटे गेले असतील, अंगाला तडा असेल, तर त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण नवा नळ हलक्या जस्तमिश्र धातूचा असला, तर जड पितळ भंगारात घालून कमी टिकाऊ वस्तू घरात आणल्यासारखं होतं. दुसरा आक्षेप आळसाचा: थेंबाथेंबानं असं किती पाणी जाणार? सेकंदाला एक थेंब पडला आणि 10 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला साडेआठ लिटरच्या वर, वर्षाला 3,100 लिटरहून जास्त. शहरात माणशी रोज 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर एका माणसाचं 23 दिवसांचं पाणी. लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती 2007 पासून मीरा रोडच्या इमारतींत रविवारी प्लंबरला घेऊन गळके नळ फुकट दुरुस्त करत आले. घरोघरी नवे नळ बसवायचे असते तर हा उपक्रम परवडलाच नसता. तो चालला रबराच्या चकत्यांवर.

तेव्हा खरी चौकशी दुकानात करायची. मुलामा आणि मानेचा डौल सगळेच पाहतात. याचा स्पिंडल सुटा मिळतो का, हे क्वचितच कुणी विचारतं. बाहेरचे अर्ध्या इंचाचे आटे सगळीकडे सारखे असतात म्हणून आतलंही सारखंच असेल, असं नाही. स्पिंडलची लांबी, त्याचे आटे, मूठ बसते त्या टोकावरचे दात कंपनीगणिक बदलतात, आणि नावगाव नसलेल्या स्वस्त नळाला जुळणारा स्पिंडल दोन वर्षांनी शोधणं महाकठीण. बिल जपून ठेवावं, कारण अनेक कंपन्या काही वर्षांची हमी देतात. आणि बदलायची वेळ आली तर मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये, जुना स्पिंडल खिशात घालून न्यावा. दात जुळले नाहीत तर मूठ नुसतीच फिरते, नाहीतर बसतच नाही.