गोळीसोबत समाजसेवकाचीही मदत मागा

झोप लागत नाही, डोकं जड पडतं, छाती धडधडते, कामात लक्ष लागत नाही. वस्तीतल्या आयाबहिणी अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात जातात आणि डोकेदुखीची गोळी घेऊन परततात. रांग मोठी, डॉक्टरांकडे वेळ थोडा. मनाचं दुखणं केसपेपरवर येतच नाही.

आम्ही परिचारिका होतो तेव्हा अशीच एक ताई तिसऱ्यांदा आली. तिला समाजसेविकेकडे पाठवलं. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं, तेव्हा कळलं : धुण्याभांड्यांची कामं सुटलेली, भाडं थकलेलं, मनात जीव देण्याचे विचार. डॉक्टरांनी तपासून नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या. दहा दिवसांत तिने त्या सोडल्या. गुण नाही आणि शेजारी ‘वेडाची गोळी’ म्हणतात. तिला विचारून समाजसेविका घरी गेल्या. या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आपल्या मनाने ती बंद करू नये, हे सासूलाही समजावलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काही महिन्यांनी ताई कामावर जाऊ लागली.

समाजसेवक गोळी लिहून देत नाही. तो ऐकतो, घरच्यांना आजार समजावतो, उपचार सुटला तर पाठपुरावा करतो. दारू सोडवणं, घरातली मारहाण, दिव्यांग प्रमाणपत्र, निराधार योजनेचा अर्ज यांतही वाट दाखवतो.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 साली सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिकेबरोबर समाजसेवकाचंही पद आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात समाजसेवक नसतो. म्हणून तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग विचारा. मोठ्या सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी शोधा. वाट सापडत नसेल तर आशाताईंना विचारा.

हे उपकार नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क आहे. आजाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे. रुग्णाला साखळीने बांधायला याच कायद्याने बंदी आहे.

घरात कोणी ‘जगून काय करू’ म्हणालं, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच सरकारी रुग्णालयात न्या. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. तो आजच घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.