माळव्यातील काचेचा समुद्र

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची गावे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तरीही धार जिल्ह्याला समुद्र अगदीच परका नाही. बाग आणि चिराखान या गावांच्या परिसरातील चुनखडीच्या थरांत शंखशिंपल्यांचे आणि इतर सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक हात येथवर पोचला होता, त्याची ही खूण होय. त्यांतील एका थराला भूशास्त्रज्ञांनी ‘प्रवाळी चुनखडक’ असे नाव दिले; परंतु त्यातील बहुसंख्य अवशेष प्रवाळांचे नसून ब्रायोझोआ नावाच्या चिमुकल्या जीवांचे आहेत. प्रवाळांच्या बाबतीत बाह्यरूपावरून फसगत व्हावी, हे तेव्हा नवे नाही.

अशीच एक फसगत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपात्राविषयी होते. प्रवाळभित्तीचा देखावा साकारलेली काचेची पेटी पाहिली, की तिच्याखालचे पंप, नळ्या, थंड करणारे यंत्र आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांत भरतात. आणि या यंत्रांवाचून समुद्र घरात आणताच येणार नाही, अशी समजूत होते. ती कितपत खरी आहे?

इतिहास पाहू. १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे ताजे पाणी जवळ नव्हते. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज ओतत राहण्याचे काम मोलकरणीकडे सोपवले गेले. पाण्यात हवा मिसळली आणि प्रवाळ जगले. पुढे १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका नियतकालिकात मांडली. समुद्रातील सजीव खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे सोडणारी एक नळी, एवढीच त्यांची सामग्री होती.

या साधेपणामागील शास्त्र समजून घेतले पाहिजे. माशांच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. हे जीवाणू सच्छिद्र खडकांवर आणि वाळूवर वस्ती करतात. म्हणजे पाण्याचे खरे शुद्धीकरण करणारे हे अदृश्य मजूर होत. त्यांची वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि तो काळ कोणतेही महागडे यंत्र फारसा कमी करू शकत नाही. पहिल्याच दिवशी मासे सोडणारा मनुष्य बहुधा त्यांना मरणाच्या दारात सोडतो.

मग यंत्रांचा उपयोग काय? तो निश्चित आहे. फेस काढणारे यंत्र सूक्ष्म बुडबुड्यांच्या योगाने पाण्यातील सेंद्रिय मळ कुजण्यापूर्वीच बाहेर काढते. प्रखर दिवे पाषाणप्रवाळांच्या शरीरात राहणाऱ्या शैवालांना प्रकाश पुरवतात. कॅल्शियम देणारी यंत्रे त्या प्रवाळांच्या सांगाड्यासाठी लागणारे द्रव्य मोजून घालतात. परंतु ही शेवटची दोन्ही साधने मुख्यतः पाषाणप्रवाळांसाठी आहेत. आणि भारतीय समुद्रातील पाषाणप्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते काढणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. समुद्रातून फोडून आणलेल्या ‘सजीव खडका’लाही असे प्रवाळ चिकटलेले असू शकतात. म्हणून ली चिन एंग यांची पद्धत आज येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे आणि संथपणे वाढू दिलेले जीवाणू यांवर समाधान मानावे. विदूषक मासे बंदिस्त पाण्यात वाढवण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. तेव्हा अशा उबवणकेंद्रातील मासेच घ्यावेत.

आता माळव्याच्या हवापाण्याकडे वळू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरच्या पेटीत ते साडेतीन किलो होतात. उन्हाळ्यात पाच लिटर पाणी उडून गेले, तर क्षार मात्र तेवढेच राहतात आणि प्रमाण लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅमवर जाते. म्हणून उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्याने घालावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. हे काम स्वयंचलित यंत्र करते. पेटीच्या काचेवर ओढलेली एक रेघ, रोजची नजर आणि एक तांब्या यांनीही ते होते.

उष्म्याचेही तसेच. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असावे. माळव्याचा उन्हाळा कोरडा असतो. ज्या नियमाने सुरई पाणी गार करते, त्याच नियमाने पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा ते काही अंश उतरवतो. ऐन वैशाखात एवढ्याने भागेलच असे नाही. तेव्हा घरातील सर्वांत थंड खोली निवडावी. वीज गेली, की यंत्रांची सारी फौज एकदम थांबते. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मात्र मासे वाचवतो.

सर्वांत कठीण प्रश्न पाण्याचा. १९९० साली देवासला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते. ज्या गावाने ते दिवस पाहिले, तेथे घरगुती शुद्धीकरण यंत्राने एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणे शोभत नाही. ते पाणी भांडी घासण्यास, फरशी पुसण्यास वापरावे. पहिल्या काही सरी वाहून गेल्यावर स्वच्छ गच्चीवरचे पावसाचे पाणी झाकून साठवावे. त्यात क्षार नगण्य असतात.

तात्पर्य, खर्चाचा क्रम लक्षात ठेवावा. प्रथम मोठी पेटी, कारण अधिक पाण्यात बदल सावकाश होतात. नंतर चांगले समुद्री मीठ, क्षारमापक, तापमापक आणि अमोनिया तपासण्याचे साहित्य. नंतर पाणी फिरवणारा पंप आणि बॅटरीची सोय. फेस काढणारे यंत्र त्यानंतर, ऐपत असल्यास. आणि या सर्वांआधी एक गोष्ट : दर आठवड्यास दहा लिटर पाणी बदलण्याची सवड आपणांस आहे काय, हे स्वतःस विचारावे. ती नसेल, तर समुद्र पाहण्यास मुंबईस किंवा मालवणास जावे. किनाऱ्यावरचा समुद्र कोणाच्या सवडीवर अवलंबून नसतो, काचेतला असतो.