किडनीचा आकडा, दिल का मामला!

पॅकेज, ईएमआय, मोबाईलचं बिल... सगळे आकडे आपल्याला तोंडपाठ. पण बाबांचं क्रिएटिनिन किती?

परभणीजवळच्या पेडगावात गेले, की नातेवाईक रिपोर्टची फाईल माझ्यापुढे ठेवतात. सत्तरीच्या एका काकांचं क्रिएटिनिन १.३. लॅबच्या रेंजमध्ये, म्हणून फाईल कपाटात!

पण हाच १.३ वयाप्रमाणे वेगळं बोलतो. किडनी रक्त किती वेगाने गाळते, तो अंदाज म्हणजे ईजीएफआर. २०२१च्या फॉर्म्युल्याने २८ वर्षांच्या तरुणाचा तो ७७ येतो, ७० वर्षांच्या पुरुषाचा ५९. तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला, तर किडनीचा जुनाट आजार समजतात.

टेन्शन फक्त डायलिसिसचं नाही. २००४मध्ये अमेरिकेत ११ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईजीएफआर ६०च्या खाली जसा उतरला, तसा हार्ट अटॅक-स्ट्रोकचा धोका चढत गेला. कित्येक पेशंट डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत. हार्ट आधीच दगा देतं. किडनी थकली की बीपी वाढतं, फॉस्फरस साठतो, रक्तवाहिन्या कडक होतात.

आणखी एक गोची. हार्ट अटॅक ओळखणारं ट्रोपोनिन या पेशंट्समध्ये एरवीही वाढलेलं असू शकतं. म्हणून डॉक्टर काही तासांनी टेस्ट पुन्हा करून फरक बघतात. छातीत दुखलं, तर किडनीचं आधी सांगा!

गावी जाल तेव्हा मिठाईबरोबर एवढं कराच : बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन. पाचही रिपोर्ट एकाच डॉक्टरांना दाखवा. किडनी आणि हार्टची फाईल वेगळी नसतेच.