कळण्याची भाकरी कोण थापणार?

पोरांना कळण्याची भाकरी नको, अंबाडीची भाजी नको, डाळीचे वाफवलेले फुनके नि कढी म्हटलं की तोंडं वाकडी, ही तक्रार आज खान्देशातल्या घराघरांत ऐकू येते. ‘यांची जीभच बिघडली’ असा निकाल लगेच लागतो आणि खापर नूडल्स-पिझ्झाच्या माथी फुटतं. पण जळगाव जिल्ह्यात हिवाळ्यात शेतावर भरताच्या पार्ट्या झडतात, तेव्हा हीच पोरं पहिल्या पंगतीला बसलेली असतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, धुरकट वासाचं आणि हिरव्या मिरचीनं कान तापवणारं भरीत हा काही मवाळ पदार्थ नव्हे. शेवभाजीचा लालभडक रस्साही ढाब्यांवर मुख्यतः तरुणांच्याच जिवावर खपतो. धूर, लसूण, जहाल तिखट ज्यांना चालतं, त्यांच्या जिभेला दोष देणं पटत नाही. मग भरीत टिकलं आणि फुनके का मागे पडले? याचं उत्तर चवीपेक्षा धान्यात, वेळेत आणि राबणाऱ्या हातांत शोधावं लागतं.

कळण्याचंच बघा. चार वाट्या ज्वारीला साधारण वाटीभर अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून हे पीठ दळतात. प्रमाण घरागणिक बदलतं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला ताण येत नाही. म्हणून ते हातानं रगडून मळायचं, एकेक भाकरी थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं आणि आरावर फुगवायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापतानाच भाकरीच्या कडा चिरतात. म्हणजे दळण पुन्हा पुन्हा आलंच. पोळ्यांची कणीक मळून ठेवता येते, भाकरीला ती सवलत नाही. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, खटाटोप त्याहून मोठा. ज्वारी भिजवायची, कांडायची, आंबवायची, मग तिखट, लसूण, तीळ घालून शिजवायची आणि ते चटके देणारं पीठ ओल्या हातानं कापडावर पसरून उन्हात वाळवायचं. हे काम एकटीचं नव्हे; गल्लीतल्या चार-पाच बायका उन्हाळ्यात आलटून पालटून एकमेकींच्या घरी जमत, तेव्हा ते उरके. नोकरीच्या वेळा, फ्लॅटची गॅलरी आणि पुण्या-सुरतेला पांगलेली कुटुंबं यांत ती गल्लीच उरली नाही.

दुसरं कारण शेतात आहे. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत रब्बीला जमिनीतल्या ओलीवर येणारी दादर ज्वारी ही इथली खास भाकरीची ज्वारी. पण पाणी आलं तिथे केळी गेली आणि उरलेल्या रानात कपाशी नि मका पसरला. दोर वळण्यासाठी शेतात लागणारी अंबाडी नायलॉनच्या दोरांनी मागे ढकलली, आणि तिच्याबरोबर ती आंबट भाजीही दुर्मिळ झाली. रेशनवर वर्षानुवर्षं मुख्यतः गहू-तांदूळच मिळत राहिले. ज्या मुलाच्या ताटात अंबाडी वर्षातून एकदा येते, त्याला तिची आंबट चव परकी वाटली तर नवल काय? आवड सवयीनं घडते, आणि सवयीला आधी पदार्थ समोर यावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, ही गरिबाची भाकरी होती, सुटली ते बरंच झालं. यात तथ्य आहे. पाहुण्याला पोळी आणि घरच्यांना भाकरी, हा भेद आजच्या मुलांनी नव्हे, मागच्या पिढ्यांनीच केला. जात्यावरचा शीणही विसरण्याजोगा नाही. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची (1880–1951) घरोट्यावरची ओवी आपण कौतुकानं वाचतो, पण रोज पहाटे ते दगड फिरवणाऱ्या बाईच्या खांद्यांवर तो भार पुन्हा टाकावा, असं कुणी म्हणू नये. तरी कष्ट सुटले म्हणून अन्नही सुटावं, हे ओघानं येत नाही. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडीद ती उणीव भरून काढतो. पोटभर आणि पोषक अशी ही जोडी आजही स्वस्तातली आहे.

दुसरा आक्षेप असा, की 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं, ज्वारीची बिस्किटं दुकानात आली, आता काळजी कसली? बिस्किटानं ज्वारी खपेल, पण कळण्याची भाकरी थापायचं कसब त्यातून कुणाला येणार नाही. पदार्थ टिकतो तो त्याचं काम कुणीतरी अंगावर घेतं म्हणून. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भरीत त्याआधीच तगून होतं. पुरुषमाणसं शेतात काड्या पेटवून ते करतात, हॉटेलं विकतात. त्याच ताटात वांग्याच्या आधारानं कळण्याची भाकरी किंवा पुरीही टिकली आहे. खापरावरचे मांडेही आज पैसे मोजून मागवले जातात. हे कसब असलेल्या बाईला पूर्वी घरात फुकट राबावं लागे, आता तिला त्याचा दाम मिळतो.

तेव्हा मुलांना दूषणं देणं थांबवावं. बिबडे, कळण्याचं पीठ बचतगटाच्या बायकांकडून रास्त दरात विकत घ्यावं आणि त्यात घासाघीस करू नये. आठवड्यातून एक दिवस घरात भाकरी थापायची पाळी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही असावी. पहिल्या भाकऱ्यांच्या कडा चिरतीलच. तरी त्या वाढाव्यात आणि सगळ्यांनी खाव्यात.